दोनदा मोडलेला हात आणि आतड्याचा आजार

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा इतिहासाचा शिक्षक या नात्याने माझ्याकडून शाळेच्या जडणघडणीचा आढावा अपेक्षित असावा. तो आढावा माझ्याहून ज्येष्ठ सहकाऱ्यांनी याच अंकात घेतला आहे. मी मात्र एका विद्यार्थ्याच्या मोडलेल्या हाताविषयी लिहिणार आहे. विषय वैद्यकशास्त्राचा आहे आणि मी वैद्य नव्हे. परंतु तो समजून घेण्यासाठी गेली काही वर्षे जी पुस्तके चाळली आणि ज्या डॉक्टरांना पुनःपुन्हा प्रश्न विचारून त्रास दिला, त्यातून हाती आलेले ज्ञान माझ्यापाशीच राहू नये, असे मनापासून वाटते. या अंकाचे वाचक असलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येकजण आता स्वतः आईवडील झाले आहेत. काही शिक्षक, आरोग्यसेवक, वसतिगृहांचे अधीक्षक आहेत. त्यांच्या डोळ्यांसमोरही असे एखादे मूल असू शकते.

हा विद्यार्थी पाचवीत आपल्याकडे आला. त्याच्या आईवडिलांच्या अनुमतीने लिहीत आहे, तरी नाव देत नाही. परिपाठाच्या रांगेत तो कायम सर्वांत पुढे असे, कारण उंचीने तो सर्वांत लहान होता. हातपाय काड्यांसारखे, पोट मात्र फुगलेले. मुलांनी त्याला त्यावरून एक टोपणनाव ठेवले होते, ते येथे लिहिण्यासारखे नाही. शौचास वारंवार जावे लागे, म्हणून रात्री तो दाराजवळच्या खाटेवर झोपे. दर आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी तो नियमित घेई, तरी चेहऱ्यावरचा फिकटपणा हटत नव्हता. सहावीत खो-खो खेळताना पडून त्याचे मनगट मोडले. सातवीत वसतिगृहाच्या दोन पायऱ्यांवरून घसरला आणि त्याच हाताचे हाड पुन्हा मोडले. आठवीत गेला तेव्हाही तो पाचवीतला वाटे, आणि मैदानावर जाणे टाळू लागला होता. 'खेळताना अंग चोरतोस' असे मी त्याला सर्व वर्गासमोर बोललो. शिक्षकी पेशातील तीस वर्षांत जी वाक्ये परत घ्यावीशी वाटतात, त्यांत हे एक आहे.

दोन्ही वेळा हाताला प्लास्टर झाले, कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या गेल्या. हाड मोडले म्हणून हाडाचा उपचार झाला. कोणीही त्याच्या शौचाविषयी विचारले नाही, आम्हीही सांगितले नाही. आपल्याला तो संबंध सुचलाच नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पुढे शाळेतील आरोग्य तपासणीसाठी आलेल्या एका तरुण डॉक्टर भगिनीने त्याची उंची, फुगलेले पोट आणि मोडलेल्या हाताची हकीगत एकत्र ठेवून पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला तो शौचाचा: मळ पातळ असतो का, पाण्यावर तरंगतो का, फार दुर्गंधी येते का? मग आणखी एक: हे कधीपासून? आईला निरोप धाडला. आई म्हणाली, अंगावरचे दूध सुटून चपातीचा कुस्करा खाऊ लागला तेव्हापासून.

रक्ताची तपासणी झाली, पुढे मोठ्या रुग्णालयात दुर्बिणीतून आतड्याचा कणभर तुकडा काढून पाहण्यात आला आणि निदान ठरले: सिलियाक. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाची प्रथिने असतात. कणकेला जो ताण आणि चिकटपणा येतो तो त्यांच्यामुळेच. काही व्यक्तींच्या शरीरात, जनुकीय ठेवणीमुळे, या प्रथिनांविरुद्ध प्रतिकारशक्ती उभी राहते आणि त्या लढाईत स्वतःच्याच लहान आतड्याचे अस्तर जाळून टाकते. ही अॅलर्जी नव्हे, अपचनही नव्हे. गहू पोटात जात राहील तोवर ही जाळपोळ चालू राहते.

आता आतड्याचा आणि हाडांचा संबंध कसा, ते पाहू. लहान आतड्याच्या आतील बाजूस मखमलीसारखे सूक्ष्म उंचवटे असतात. शास्त्राच्या पुस्तकात आपण त्यांना रसांकुर म्हणतो. या रसांकुरांमुळेच सुमारे सहा मीटर लांबीच्या नळीला एखाद्या मोठ्या खोलीच्या जमिनीएवढे क्षेत्रफळ मिळते, आणि तेथून अन्नातील सत्त्व रक्तात उतरते. सिलियाकमध्ये हे रसांकुर झिजत झिजत सपाट होतात. मखमलीचे कापड घासून घासून नुसती वीण उरावी, तसे. आणि ही झीज सर्वाधिक होते ती जठराला लागून असलेल्या, आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात. कॅल्शियम शरीरात घेण्याचे मुख्य ठिकाण नेमके तेच. लोहाचेही तेच. म्हणून लोहाच्या गोळ्या खाऊनही रक्त वाढत नाही आणि कॅल्शियमच्या गोळ्या खाऊनही हाड भरत नाही. फाटक्या पोत्यात धान्य ओतत राहावे, त्यातला हा प्रकार होय.

शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते. उरलेला एक टक्का मात्र फार मोलाचा आहे, कारण हृदयाचे ठोके, स्नायूंचे आकुंचन, मज्जातंतूंचे संदेश त्यावर चालतात. रक्तातील कॅल्शियम घसरू लागले की गळ्यातील परावटू ग्रंथी आपला स्राव वाढवतात आणि तो स्राव हाडांतून कॅल्शियम उपसून रक्तात आणतो. हाड म्हणजे शरीराची जणू धान्याची कणगी आहे. बाहेरून आवक थांबली की कणगीतून काढून खावे लागते. घर चालते, पण कणगी रिकामी होत जाते. म्हणूनच अशा मुलाच्या रक्तातील कॅल्शियम बरेचदा ठीकठाक दिसते आणि तो अहवाल पाहून आपण निर्धास्त होतो.

ड जीवनसत्त्वाचे काय, असे कोणी विचारील. हे जीवनसत्त्व आतड्याला कॅल्शियम ओढून घेण्यास मदत करते. ते पुरेसे नसेल तर अन्नातील कॅल्शियमपैकी जेमतेम १० ते १५ टक्के अंगी लागते, पुरेसे असेल तर ३० ते ४० टक्के. ते उन्हामुळे त्वचेत तयार होते, हे आपण शिकवतो. आमचा हा विद्यार्थी तर उघड्या मैदानात, मराठवाड्याच्या उन्हात वाढलेला. परंतु ऊन हे जीवनसत्त्व देते, रसांकुर देत नाही. ज्या आतड्याला ओढायला सांगायचे तेच सपाट झाले असेल तर सांगून काय उपयोग? शिवाय अन्नातून वा गोळीतून येणारे ड जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थांबरोबर शोषले जाते. सिलियाकमध्ये स्निग्धांश पचत नाही, तो मळावाटे निघून जातो, आणि जाताना कॅल्शियमशी संयोग पावून साबणासारखे क्षार बनवून त्यालाही बरोबर नेतो. मळ पाण्यावर का तरंगतो, त्या डॉक्टर भगिनीने तोच प्रश्न प्रथम का विचारला, हे मला इतक्या उशिरा उमगले.

आणखी एक गोष्ट. दूध पचविणारे विकर रसांकुरांच्या टोकांवर असते. टोकेच झिजली की दूध बाधते, पोटात वायू धरतो, जुलाब होतात. मग घरचे म्हणतात, 'याला दूध सोसत नाही', आणि कॅल्शियमचा सर्वांत सोपा स्रोतही बंद होतो. त्यातच आतड्यातील दाहामुळे रक्तात अशी रसायने फिरू लागतात, जी हाड झिजविणाऱ्या पेशींना चेतवतात. असा चोहोबाजूंनी मारा झाल्यावर हाड ठिसूळ झाले नाही तरच नवल. लहान वयात त्यातून मुडदूस होतो: पाय धनुष्यासारखे वाकतात, मनगटे जाड होतात. थोड्या मोठ्या वयात वाकणे दिसत नाही, पण हाड भरत नाही आणि क्षुल्लक पडण्याने मोडते.

वयाचा हा मुद्दा निवासी शाळेच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रौढपणी आपल्यापाशी जेवढे अस्थिबल असते, त्यापैकी सुमारे ९० टक्के अठराव्या-विसाव्या वर्षापर्यंत साठलेले असते. त्यातही वाढीचा वेग शिगेला पोचतो त्या आगेमागे दोन वर्षांत साधारण चौथा हिस्सा जमा होतो. मुलींची ही वर्षे साधारण अकरा ते तेरा, मुलांची तेरा ते पंधरा. म्हणजे जी मुले आपण पाचवीत घेतो आणि दहावीनंतर निरोप देतो, त्यांच्या आयुष्यभराच्या हाडांची भरती आपल्या भोजनगृहात होत असते. त्या काळात आतडे आजारी राहिले तर पुढे पन्नाशीत, साठीत त्याची किंमत मोजावी लागते, आणि ती कोणत्या शाळेतल्या कोणत्या वर्षाची आहे हे तेव्हा कोणालाच आठवत नाही.

गव्हासारख्या निरुपद्रवी, नव्हे प्रतिष्ठित धान्यात हा दोष असतो हे माणसाला कळले कसे, याचा इतिहास माझ्या विषयाचा असल्याने त्यावर थोडा रेंगाळतो. आजाराचे वर्णन जुने आहे. कॅपाडोशियाचा ग्रीक वैद्य अरेटियस याने सुमारे अठराशे वर्षांपूर्वी अन्न न पचता बाहेर पडणाऱ्या दीर्घ अतिसाराविषयी लिहिले. पोट या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आजचे नाव आले. १८८८ साली लंडनचे डॉक्टर सॅम्युएल गी यांनी मुलांतील या आजाराचे नेमके वर्णन केले आणि हा बरा होणार असेल तर आहारानेच होईल, असा अचूक कौल दिला. पण कोणता आहार? त्यांच्या निबंधात एका बालरुग्णाची हकीगत आहे. त्याला रोज भांडेभर डच शिंपल्यांतील मांस खाऊ घातले, तो चांगला सुधारला. हंगाम संपला, शिंपले मिळेनासे झाले, तो पुन्हा आजारी पडला. आणि पुढच्या हंगामात काही केल्या शिंपले खाईना! १९२४ मध्ये न्यूयॉर्कचे सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुचविला. मुले सुधारली, केळ्यांचा जयजयकार झाला. प्रत्यक्षात गुण केळ्यांत नव्हता, केळ्यांमुळे ताटातून हद्दपार झालेल्या पावात दोष होता. गुण आल्याचे श्रेय भलत्याला जाण्याचे असे प्रसंग इतिहासात थोडे नाहीत. याच दशकात बर्मिंगहॅमचे बालरोगतज्ज्ञ लेनर्ड पार्सन्स यांनी अशा मुलांच्या हाडांतील बदलांवर लिहिले. म्हणजे आतडे आणि हाड यांचा संबंध डॉक्टरांना कळून शंभर वर्षे होत आली. आमच्यापर्यंत तो पोचला नव्हता एवढेच.

खरा उलगडा केला तो विलेम कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. ते १९३६ पासून द हेग येथील ज्युलियाना बालरुग्णालयाचे प्रमुख होते. पाव बंद केला की मूल सुधारते, अशा एका आईच्या निरीक्षणावरून त्यांना प्रथम संशय आला, असे सांगितले जाते. ते निरनिराळ्या मुलांच्या आहारातून गहू काढून आणि पुन्हा घालून पाहू लागले. १९४१ मध्ये त्यांनी त्यावर लेखही लिहिला. त्यानंतर आला १९४४-४५ चा हिवाळा. नेदरलँड्सचा पश्चिम भाग जर्मन सैन्याच्या ताब्यात होता. डच रेल्वे कामगारांच्या संपाला उत्तर म्हणून जर्मनांनी अन्नाची वाहतूक रोखली, कालवे गोठले, लोक ट्यूलिपचे कंद आणि बीट उकडून खाऊ लागले. सुमारे वीस हजार माणसे मेली. डच इतिहासात तो काळ 'भुकेचा हिवाळा' म्हणून ओळखला जातो. पाव मिळेनासा झालेल्या त्या महिन्यांत डिके यांच्या देखरेखीखालील सिलियाकची मुले मात्र बिघडली नाहीत, उलट सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली.

ही कथा अनेक ठिकाणी अशी सांगितली जाते, की दुष्काळाने शोध लावला. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला ते मान्य नाही. दुष्काळ सर्वांनीच पाहिला. गव्हाविषयीचा प्रश्न आठ-दहा वर्षे आधीपासून ज्याच्या मनात होता, त्यालाच त्यात उत्तर दिसले. आपल्याकडचे वडीलधारे १९७२ च्या दुष्काळातील लाल मिलो अजून विसरलेले नाहीत. भुकेत काही चांगले असते असे त्यांच्यासमोर कोणी बोलून दाखवावे! युद्धानंतर डिके यांनी युट्रेख्टमधील व्हान द कामर या रसायनतज्ज्ञाची आणि व्हाइयर्स या बालरोगतज्ज्ञाची साथ घेतली, मळातील स्निग्धांश अचूक मोजून पाहिला, आणि मुलांच्या वाढीचे आलेख मांडून १९५० मध्ये युट्रेख्ट विद्यापीठाला प्रबंध सादर केला. गहू बंद केला की वाढीची रेषा वर चढते, सुरू केला की खाली येते. त्यानंतरच्या काही वर्षांत आतड्याचा तुकडा काढून तपासण्याची सोय झाली आणि सपाट रसांकुर प्रत्यक्ष डोळ्यांनी दिसले.

भारतात हा आजार उत्तरेकडील गहू खाणाऱ्या प्रदेशांत अधिक आढळतो. तेथील एका मोठ्या पाहणीत साधारण शंभरात एक असे प्रमाण आले. आपण ज्वारी-बाजरी आणि भात खाणारे, म्हणून आपल्याकडे तो नसतोच, असा समज डॉक्टरांतही होता. पण गेल्या दोन पिढ्यांत आपले ताट बदलले आहे. रेशनचा गहू आला, बिस्कीट आले, पाव आला, आणि वसतिगृहांतून तर भाकरी जवळजवळ हद्दपार झाली. शंभर-दोनशे मुलांना चपात्या लाटणे हे भाकऱ्या थापण्यापेक्षा सोपे जाते.

निदान झाल्यावर उपचार काय, तर गहू, जव, राय आयुष्यभर बंद. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, सर्व डाळी, भाज्या, फळे, अंडी, मांस, मासे, दूध सर्व चालते. ऐकायला सोपे वाटते. मी त्याच्या आईला बोलावून हे समजावून सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "सर, भाकर तर आम्ही घरी खातोच की. चपाती मिळंल म्हणून तर पोराला इथं ठिवलं." मला काय उत्तर द्यावे सुचेना. आपल्या घरांत गव्हाची चपाती सणावाराला किंवा पाहुणा आला तरच होत असे, हे माझ्या वयाच्या सर्वांना आठवत असेल. ती न मिळणे म्हणजे काय, हे ज्यांनी सोसले त्या पिढीने मुलांच्या ताटात ती आणली. आता शाळाच सांगते की याला भाकरीच द्या. मी तिला म्हणालो, "ताई, याच्या आतड्याला चपाती म्हणजे विस्तव आहे. भाकरी कमी प्रतीची म्हणून देत नाही, हे त्याचे औषध आहे." तिला ते पटायला वेळ लागला. नाचणीत कॅल्शियम सर्व धान्यांत जास्त असते, शंभर ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम, आणि तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलाला दिवसाला हजार मिलिग्रॅम लागते, हे गणित मी तिला मांडून दाखवले, तेव्हा कुठे ती किंचित हसली आणि म्हणाली, "म्हंजी आमचंच अन्न चांगलं व्हतं म्हणा."

त्याहून अवघड प्रसंग पुढे होता. डॉक्टरांनी बजावले होते की कणभर कणीकही पोटात जाता कामा नये. स्वयंपाकघरातील मावशींनी लगेच उपाय सुचविला: त्याचे ताट, तांब्या, वाटी वेगळी ठेवू, त्याला जरा बाजूला बसवू. हेतू शुद्ध होता. पण वेगळे ताट आणि बाजूला बसणे, हे शब्द आपल्या समाजाच्या स्मृतीत कसे रुतून बसले आहेत हे या अंकाच्या वाचकांना सांगावयास नको. तो मुलगा मान खाली घालून उभा होता. मी डॉक्टरांना पुन्हा दूरध्वनी केला. उत्तर मिळाले ते असे: साबणाने स्वच्छ धुतलेले स्टीलचे ताट कोणाचेही चालते, पंगतीत कोणाच्याही शेजारी बसणे चालते, चालत नाही ती पिठाळ परात, लाकडी पोळपाट-लाटणे, आणि ज्या तव्यावर चपाती भाजली तो तवा. म्हणजे भाकरीसाठी परात आणि तवा वेगळा हवा, माणूस वेगळा नको. हे वाक्य मी दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर लिहिले आणि रसांकुरांचे चित्र काढून आजार समजावून सांगितला. सोमवारी आणि गुरुवारी रात्री सर्वांनाच भाकरी द्यायची, असे व्यवस्थापनाने ठरविले. पहिले काही दिवस कुरकुर झाली. टोपणनाव मात्र त्या महिन्यातच बंद पडले.

गहू कोठे कोठे लपलेला असतो, ही आम्हां सर्वांचीच शिकवणी झाली. रव्याचा उपमा, शेवया, बिस्किटे, टोस्ट हे कळण्यासारखे होते. पण दुकानी डबीतल्या हिंगातही गव्हाचे पीठ मिसळलेले असते, हे कोणाला ठाऊक होते? तसेच पिठाच्या गिरणीचे. गव्हाच्या मागोमाग ज्वारी दळली की तिच्यात गहू उतरतोच. आता गिरणीवाले दादा आमची ज्वारी सकाळी, गिरणी साफ करून, सर्वांत आधी दळून देतात. १४ एप्रिलला भोजनगृहात पुरी-भाजी असते. त्या दिवशी त्याच्यासाठी तांदळाच्या पिठाच्या पुऱ्या वेगळ्या तेलात तळल्या जातात, आणि त्या मागण्यासाठी इतर मुले रांग लावतात.

सर्वच आतड्यांचे आजार गव्हामुळे होत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. क्रोहन नावाच्या आजारात आतड्याला दीर्घकाळ सूज आणि व्रण असतात. तेथे दाह स्वतःच हाडे पोखरतो, आणि त्यावर दिली जाणारी स्टिरॉइड औषधे दीर्घकाळ घ्यावी लागली तर तीही हाडांना अपाय करतात. म्हणून डॉक्टर ती शक्य तितकी कमी काळ देतात. ती आपल्या मनाने थांबविणे मात्र धोक्याचे. आपल्या देशात आतड्याचा क्षयही असतो आणि तो क्रोहनसारखाच भासतो. काही कारणाने आतड्याचा मोठा भाग काढून टाकावा लागलेल्या मुलांची हाडेही जपावी लागतात. हे सर्व तज्ज्ञांचे क्षेत्र आहे, मी त्यात शिरत नाही.

पालकांनी आणि शिक्षकांनी ओळखायचे ते एवढेच, की वयाच्या मानाने उंची खुंटली, लोहाच्या गोळ्यांनी रक्त वाढत नाही, वारंवार जुलाब किंवा उलट हट्टी बद्धकोष्ठ आहे, पोट फुगते, तोंड सारखे येते, वयात येणे लांबते, आणि साध्या पडण्याने हाड मोडते, यांपैकी दोन-तीन गोष्टी एकाच मुलात दिसल्या तर त्याच्या आतड्याचा विचार व्हायला हवा. पुष्कळ मुलांत जुलाब नसतातच. खुंटलेली उंची किंवा न हटणारा पांडुरोग हेच एकमेव लक्षण असते. तपासणी रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडांची असते, ती बालरोगतज्ज्ञ सांगतात. येथे एक चूक फार होते. शंका आली की घरचे आधीच गहू बंद करतात, मूल थोडे सुधारते, आणि मग रक्ताचा अहवाल निर्दोष येतो. तपासण्या पूर्ण होईपर्यंत गहू चालू ठेवावा. तसेच ज्याला आजार नाही अशा मुलाची चपाती ऐकीव गोष्टींवरून बंद करण्याचे काहीही कारण नाही.

हाडांची घनता मोजणारे यंत्र शहरांत आहे. त्याचा अहवाल मुलांच्या बाबतीत त्याच वयाच्या मुलांशी ताडून, उंचीचाही विचार करून वाचावा लागतो. प्रौढांची मोजपट्टी लावली तर वाढत्या वयाचे प्रत्येक मूल अशक्त ठरेल. आणि ड जीवनसत्त्वाची सहा लाख एककांची सुई डॉक्टर बदलत बदलत पुनःपुन्हा टोचून घेणाऱ्या पालकांना विनंती आहे की ती थांबवावी. या जीवनसत्त्वाचा अतिरेक मूत्रपिंडांना घातक ठरतो. मूळ आजारावर उपचार झाला की साध्या मात्रेतील कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वही पुरते, कारण ते आता अंगी लागू लागते.

मुलांच्या बाबतीत दिलासा देणारी बाब ही, की बालपणी निदान होऊन आहार काटेकोर पाळला तर रसांकुर पुन्हा उगवतात आणि बहुतेकांची हाडे वर्ष-दोन वर्षांत समवयस्कांच्या जवळ येतात. प्रौढपणी निदान झालेल्यांना हे भाग्य पूर्णपणे लाभत नाही. आमच्या विद्यार्थ्याची उंची क्रीडाशिक्षकांच्या नोंदवहीत आहे: आहार बदलल्यानंतरच्या पहिल्या वर्षात नऊ सेंटिमीटर. त्याआधीच्या दोन वर्षांत मिळून तो पाच सेंटिमीटरही वाढला नव्हता. दूध त्याला सहा महिन्यांनी पुन्हा पचू लागले. दहावीत असताना तो परिपाठाच्या रांगेत मधोमध उभा राहत असे. खो-खो त्याला फारसा जमला नाही, आणि मीही कधी आग्रह धरला नाही.

या आजारात रुग्णाच्या सख्ख्या भावंडांपैकी आणि आईवडिलांपैकी साधारण दहात एकाला तो असू शकतो, कधी काहीच लक्षण नसताना. म्हणून डॉक्टरांनी सर्व कुटुंबाची रक्ततपासणी करविली. आईवडिलांचे अहवाल निर्दोष आले. धाकट्या बहिणीचा आला तो तसा नव्हता. ती दिसायला तरतरीत आहे, कोणतीही तक्रार नाही, हाड एकही मोडलेले नाही. येत्या जूनमध्ये ती आपल्याकडे पाचवीत प्रवेश घेत आहे. मावशींनी भाकरीचा दुसरा तवा घेऊन ठेवला आहे.